वाचकांचे प्रश्न : कैदी, पण कोठडीत नाहीत

प्रश्न : इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात पाठवलेले कैदी कायम कोठडीतच असत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अजिबात नाही. सिडनीत सुरुवातीची तीस वर्षं बरेचसे कैदी गावातच भाड्यानं राहत. दुपारपर्यंत सरकारी काम, मग भाड्यापुरती स्वतःची कमाई. गव्हर्नर मॅक्वारीला ही मोकळीक रुचेना, म्हणून १८१९ मध्ये हाइड पार्क बराकी उभ्या राहिल्या : बारा खोल्या, सुमारे ६०० पुरुष, झोपायला ओळीनं टांगलेल्या झोळ्या. वास्तुविशारद फ्रान्सिस ग्रीनवे स्वतःच कैदी, खोट्या दस्तऐवजापायी आलेला! काम पुरं झाल्यावर मॅक्वारीनं त्याला पूर्ण माफी दिली.

मला मात्र तिथल्या उंदरांचे उपकार वाटतात. त्यांनी जमिनीच्या फळ्यांखाली ओढून नेलेल्या चिंध्या तिथं कोरड्या टिकल्या. त्या बराकींतला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुती सदरा आज संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोरून किती तरी वेळ हललेच नाही. सरकारी दफ्तरात कैद्याचं जहाज सापडतं, गुन्हा सापडतो. अंगावरचं कापड कुठून सापडणार?

आणि हो, वागणूक चांगली असली तर शिक्षेची मुदत संपण्याआधीच मोकळं राहायचा परवाना मिळे. मग मजुरी करून पोट भरायचं, फक्त नेमून दिलेला जिल्हा सोडायचा नाही.