मच्छरदाण्या वाटायच्या, की पिंपांना झाकणे द्यायची?

प्रश्न : आमच्या गटाने वर्गणी काढून वस्तीतील गरजू कुटुंबांना मच्छरदाण्या देण्याचे ठरवले आहे. पैसे मोजकेच आहेत. कोणाला प्राधान्य द्यावे? थोडी रक्कम धूरफवारणीसाठी ठेवावी का?

उत्तर : खरेदीपूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन आपल्या वस्तीत हिवतापाचे रुग्ण अधिक आढळतात की डेंगीचे, एवढे विचारून घ्यावे, पुढचा सारा हिशोब त्यावर ठरतो. हिवताप पसरवणारी अॅनोफिलिस डासाची मादी मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळात चावते, त्यामुळे तेथे मच्छरदाणीचा उपयोग मोठा आहे. डेंगी पसरवणारी एडिस मादी मात्र दिवसा चावते, तेव्हा तान्ही बाळे आणि दिवसाही अंथरुणावर असलेले रुग्ण वगळता इतरांना मच्छरदाणीने फारसे संरक्षण मिळत नाही.

हिवताप असल्यास कीटकनाशक मुरवलेल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या, दर दोन माणसांमागे एक या प्रमाणात घ्याव्यात. त्या कमी पडणार असतील, तर गरोदर स्त्रिया आणि 5 वर्षांखालील मुले असलेली घरे आधी घ्यावीत आणि मच्छरदाणी त्यांच्यासाठी आहे हे घरात स्पष्ट सांगावे, नाहीतर ती कर्त्या पुरुषाच्या खाटेवर चढण्याचा संभव असतो. वाटपाचा फोटो काढला की काम संपले, असे मात्र समजू नये. पत्र्याच्या खोलीत खिळा ठोकायला जागा नसते, म्हणून दोऱ्या आणि हूक सोबत नेऊन कार्यकर्त्यांनी स्वतः मच्छरदाणी बांधून द्यावी, तिच्या कडा अंथरुणाखाली कशा खोचायच्या ते दाखवावे, ती सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवायला सांगावे आणि महिन्याभराने एका संध्याकाळी फेरी मारून ती वापरात आहे का, हे पाहावे.

डेंगी असल्यास पैसे पिंपांच्या घट्ट झाकणांवर खर्च करावेत. नळाला रोज पाणी येत नाही अशा घराला ‘पाणी साठवू नका’ असे सांगणे निरर्थक आहे. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, म्हणून पिंप नुसते रिकामे न करता आठवड्यातून एकदा आतून ब्रशने घासले पाहिजे. ज्या घरांत फक्त वृद्ध किंवा अपंग व्यक्ती आहेत, तेथे हे काम स्वयंसेवकांनीच करावे.

धूरफवारणीवर वर्गणी खर्च करू नये. धुराने उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात, आणि एडिस तर बहुधा घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात दडलेला असतो. साथीच्या वेळी फवारणीचा निर्णय आरोग्य विभागावर सोडावा.

त्याऐवजी थोडी रक्कम तापाच्या रुग्णांसाठी राखून ठेवावी, कारण हातावर पोट असलेली माणसे रोज बुडेल म्हणून रक्ततपासणी लांबणीवर टाकतात. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळाली, तर ती वेळेवर तपासून घेतील. डेंगीची शंका असताना रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊ नयेत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.