वाचक विचारतात : सोन्याची पोथी आणि नऊ वर्षांचा राजा

प्रश्न : ‘बेडफर्ड अवर्स’ या जुन्या ख्रिस्ती पोथीचं चित्र पाहिलं. इतकं सोनं लावलेली पोथी कुणी खरंच वाचायचं, की नुसती मिरवायला? आणि ती लहान मुलाला भेट का दिली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाचायचे आणि मिरवायचेही. दिवसाच्या ठरलेल्या आठ वेळांना म्हणायच्या मेरीच्या प्रार्थना, सणवारांचं पंचांग, संतांची स्तोत्रं असं सगळं त्यात आहे. वासराच्या ताणून वाळवलेल्या कातड्यावर पॅरिसच्या चित्रकारांनी ती साधारण 1410 ते 1430 या काळात सजवली. माझं आयुष्य बाइंडिंगच्या टेबलावर गेलं, त्यामुळे माझी नजर आधी सोन्यावर जाते. खाली गच्चाचा, म्हणजे खडू-सरसाच्या लेपाचा, थर, त्यावर वर्ख, मग घोटाई. रंग सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर वर्ख रंगालाच चिकटून बसतो.

भेटीचं म्हणाल तर ती भक्तीइतकीच राजकारणाची आहे. इंग्लंडचा सहावा हेन्री नऊ वर्षांचा होता, पण 1420 मध्ये फ्रान्समधल्या ट्रॉय गावी झालेल्या तहात फ्रान्सची गादी इंग्लंडच्या राजघराण्याकडे जायची ठरली होती, त्यामुळे तिच्यावरही त्याचा दावा होता. फ्रान्सचा कारभार पाहणारा त्याचा काका, बेडफर्डचा ड्यूक जॉन. जॉनची बायको अ‍ॅन हिने नवऱ्याच्या संमतीने 1430 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, रूआँ गावी, पोथी पुतण्याच्या हाती ठेवली. राजवैद्य जॉन सॉमरसेटने तशी नोंद पोथीतच करून ठेवली आहे. त्याच सुमारास त्याच गावच्या किल्ल्यात इंग्रजांविरुद्ध लढलेली फ्रेंच तरुणी जोन ऑफ आर्क कैदेत होती!

आता शेवटाकडचं एक चित्र पाहा : फ्रान्सचा पहिला ख्रिस्ती राजा क्लोव्हिस याला लिलीच्या फुलांचं फ्रेंच राजचिन्ह स्वर्गातून मिळतं. पोराला हे कशासाठी दाखवलं, वेगळं सांगायला नको. काका-काकूंनी आपापली चित्रंही घालून घेतली आहेत. काकूच्या पानावर तिचं ब्रीद आहे, ‘मी यात समाधानी आहे’. पुढच्या डिसेंबरात हेन्रीला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये मुकुट चढला. तो टिकला नाही, ही गोष्ट निराळी.

मला विचाराल तर राजेरजवाडे सोडा, बायबलातल्या प्रलयकथेतल्या नोहाच्या तारवाचं, म्हणजे नावेचं, पान उघडा. सुतार करवती-हातोडे घेऊन असे भिडलेत की ते पॅरिसच्याच एखाद्या बांधकामावरून उचलून आणलेत असं वाटावं. पोथी 1852 मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली; आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.