वाचकांचे प्रश्न : ‘लुथेरन’ विद्यापीठ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझ्या पुतणीने अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या व्हॅल्परेझो विद्यापीठात हवामानशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज केला आहे. हे ‘स्वतंत्र लुथेरन विद्यापीठ’ आहे असे समजल्यापासून घरात कुजबुज सुरू झाली आहे. लुथेरन म्हणजे काय, तेथे शिकण्यासाठी ख्रिस्ती व्हावे लागते का, आणि तीन हजारही विद्यार्थी नसलेल्या संस्थेला विद्यापीठ कसे म्हणतात, हे कृपया सांगावे. तेथील मुलांचा दिवस कसा जातो, हेही जाणून घ्यायचे आहे.
— एक संत्रा उत्पादक, मोर्शी तालुका

उत्तर : ख्रिस्ती व्हावे लागत नाही. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली स्कॉटिश मिशनने काढले आणि त्यात विदर्भातल्या सर्व जातिधर्मांच्या पिढ्या शिकल्या, याची घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवण करून दिली तरी कुजबुज बरीचशी थांबेल.

मार्टिन लूथर हा जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक; त्याची शिकवण मानणारे ख्रिस्ती ते लुथेरन. १५१७ मध्ये त्याने चर्चच्या कारभाराला आव्हान दिले आणि १५२२ मध्ये बायबलचा ‘नवा करार’ जर्मन भाषेत आणला, कारण धर्मग्रंथ सामान्य माणसाला स्वतः वाचता आला पाहिजे, असे त्याचे मत होते. आपण मोर्शी तालुक्यातले, म्हणजे रिद्धपूर आपल्याला शेजारचे. साध्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील म्हणून संस्कृतात लिहू नका, असे महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपले शिष्य केशिराज यांना बजावले होते, ते याच्या दोनशे वर्षे आधी. लोकभाषेतला ग्रंथ आला की तो वाचायला शिकवणारी शाळाही लागते, म्हणून लुथेरन मंडळी जिथे गेली तिथे त्यांनी प्रार्थनाघराबरोबर शाळा काढल्या. बैतूल जिल्ह्यातले पाढर येथील रुग्णालय आपल्या भागातल्या अनेकांना ठाऊक आहे. तेही लुथेरन चर्चचेच.

मात्र व्हॅल्परेझो मुळात लुथेरन नव्हते, आणि त्याची खरी गोष्ट इथेच सुरू होते. १८५९ मध्ये मेथॉडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते मुलामुलींचे एकत्र महाविद्यालय म्हणून काढले. त्या काळी मुलींना मुलांच्या बरोबरीने उच्च शिक्षण देणाऱ्या संस्था अमेरिकेतही मोजक्याच होत्या. यादवी युद्धाने कंबरडे मोडले आणि १८७१ मध्ये दारे बंद झाली. दोनच वर्षांनी हेन्री बेकर ब्राउन या शिक्षकाने ती पुन्हा उघडली, ती अगदी वेगळ्या तत्त्वावर : फी शक्य तितकी कमी, खाणावळ आणि खोली स्वस्त, आणि शेतावर किंवा कारखान्यात राबून चार पैसे जमवलेल्या कोणालाही प्रवेश. लोक त्याला ‘गरिबांचे हार्वर्ड’ म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पाच हजारांहून अधिक विद्यार्थी होते, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त.

पहिल्या महायुद्धानंतर संस्था कर्जात बुडाली. १९२३ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेने ती विकत घेण्याचा घाट घातला होता. व्यवहार तडीस गेला नाही, ही त्या गावाची पुण्याईच म्हणायची. १९२५ मध्ये काही लुथेरन धर्मगुरू आणि सामान्य गृहस्थांनी संघटना स्थापन करून विद्यापीठ विकत घेतले. संस्था कोणत्याही चर्चच्या मालकीची न राहता या संघटनेकडे राहिली; ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ तो. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेमागे वऱ्हाडातले शेतकरी जसे उभे राहिले, तशीच ही गोष्ट.

आता ‘विद्यापीठ’ या शब्दाविषयी. आपल्याकडे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ म्हटले की पाच जिल्ह्यांतली शेकडो संलग्न महाविद्यालये डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत संलग्नतेची ही पद्धत रूढ नाही. तेथे एकाच आवारात शिकवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे, हे सारे एकच संस्था करते, म्हणून विद्यार्थिसंख्या तालुक्याच्या महाविद्यालयाएवढी असूनही ती विद्यापीठच ठरते. लहान असण्याचा लाभ असा की मुलांना प्रत्यक्ष प्राध्यापक शिकवतात आणि नावाने ओळखतात.

विद्यापीठ शिकागोपासून सुमारे ८० किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या दक्षिणेला आहे. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे हिवाळ्यात तेथे भरपूर बर्फ पडतो. आवाराच्या मध्यभागी १९५९ मध्ये उभारलेले भव्य प्रार्थनामंदिर आहे. जुने सभागृह १९५६ मध्ये आगीत भस्मसात झाले, त्यानंतर हे बांधले गेले. सकाळच्या तासांमध्ये प्रार्थनेसाठी थोडी सुटी असते, पण जाणे ऐच्छिक आहे. वसतिगृहे, विद्यार्थ्यांचे आकाशवाणी केंद्र, बास्केटबॉलचे सामने यांवर तेथले जीवन फिरते. १९९८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या क्षणी ब्राइस ड्रू या विद्यार्थ्याने दुरून चेंडू टाकून सामना जिंकला, ती गोष्ट तेथे आजही सांगितली जाते. संघाचे ‘क्रुसेडर्स’, म्हणजे धर्मयोद्धे, हे नाव द्वेष पसरवणाऱ्या गटांनीही उचलले, म्हणून २०२१ मध्ये ते बदलून ‘बीकन्स’, म्हणजे दीपस्तंभ, असे करण्यात आले. पुतणीच्या विषयाचे म्हणाल तर आवारातच पाऊस-वादळांची हालचाल टिपणारे डॉप्लर रडार आहे, आणि उन्हाळ्यात विद्यार्थी प्राध्यापकांसोबत वादळांचा माग काढत मैदानी प्रदेशात हिंडतात. गारपिटीने संत्र्याचा आंबिया बहार झडताना पाहिलेल्या मुलीला हे शिक्षण परके वाटणार नाही.

प्रश्न : अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांत पर्यवेक्षकाशिवाय परीक्षा होतात, असे ऐकले. हे खरे मानावे का?
— एक शिक्षक, चांदूर बाजार

उत्तर : वर उल्लेख केलेल्या विद्यापीठातच ही पद्धत १९४३ पासून आहे. मी अनधिकृत मदत घेतलेली नाही, दिलेली नाही आणि दुसऱ्याने घेतलेली खपवूनही घेतलेली नाही, अशा आशयाची प्रतिज्ञा विद्यार्थी लिहून सही करतो. भंग झाल्यास विद्यार्थ्यांचेच मंडळ चौकशी करते. दहावीच्या परीक्षेला भरारी पथकाची जीप आली की खिडकीखालची गर्दी पांगताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे अद्भुत वाटणे साहजिक आहे. तेथे कोणी नक्कल करतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिज्ञेतला कठीण भाग तिसरा, म्हणजे खपवून न घेण्याचा, आहे, कारण मित्राची चोरी सांगणे हे कोणत्याही गावात जड जाते.

पहिल्या पत्रलेखकांसाठी आणखी थोडे. अशा लहान संस्थांची पैशाची ओढाताण अजून संपलेली नाही. १८७९ मध्ये सुरू झालेले तेथील विधी महाविद्यालय २०२० मध्ये बंद झाले, आणि वसतिगृहांच्या दुरुस्तीसाठी संग्रहालयातली अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रासह तीन मौल्यवान चित्रे विकण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तेथल्याच अनेक प्राध्यापकांनी विरोध केला. तेव्हा शिष्यवृत्ती चारही वर्षे तेवढीच राहते का, गुण घसरले तर ती किती कमी होते, आणि वसतिगृह, जेवण व आरोग्यविमा धरून वर्षाचा एकूण आकडा किती, ही उत्तरे पुतणीने विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावीत आणि मगच आपण बँकेत कर्जाच्या कागदावर सही करावी.