तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही पत्नीचं हिमोग्लोबिन ७.६ वरून ७.९ च झालंय. वय २६, गाव गडचिरोली जिल्ह्यात. कोणत्या तपासण्या कराव्यात?

भाऊ, मी याच जिल्ह्यात चौदा वर्षांपासून लॅब टेक्निशियन आहे. गोळी नेमाने घेतली आणि तिच्यावर लगेच चहा प्यायला नाही, तर महिनाभरात हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅम वाढायला पाहिजे. तुमच्याकडे तीन महिन्यांत ०.३ वाढलं. म्हणजे लोह अंगी लागत नाही, रक्त कुठून तरी जातंय, किंवा दुखणं लोहाचं नाहीच.

आधी जुना सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा कागद काढा. सगळे वरचा हिमोग्लोबिनचा आकडा बघून कागद घडी करून ठेवतात. खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे तांबड्या पेशीचं आकारमान. ते ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार), १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड तपासायचं. शरीरात लोहाचा साठा किती, हे फेरिटिन सांगतं. १५ च्या खाली आलं तर लोह संपलंच समजा. पण अंगात ताप असताना ते वाढलेलं दिसतं, म्हणून ताप उतरल्यावरच करा.

सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आपल्या भागात पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी दर दोन महिन्यांनी यायची. चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन लिहिलेलं असे, मी तेवढंच करून द्यायचो. हातपाय लय दुखतात, असं तिची आई दरवेळी म्हणायची. दीड वर्षाने स्मिअरची, म्हणजे रक्ताचा थेंब पसरवलेली काच सूक्ष्मदर्शकात पाहिली तर विळ्यासारख्या पेशी. एसएस निघाली, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेली सिकलसेलची रुग्ण. ते दीड वर्ष मला अजून बोचतं.

सिकलसेलची पहिली साधी तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. ती वाहकातही (एकाच पालकाकडून दोष आलेल्यात) पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. फरक एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनीच कळतो. पत्नी नुसती वाहक निघाली, तर तिथे थांबू नका. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा त्यामुळे इतकं उतरत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची ही तपासणी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

रोवणीला त्या अनवाणी बांधीत उतरत असतील तर शौचाची तपासणीही करा, हुकवर्म पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. पाळीत किती रक्त जातं, गाठी पडतात का, हे घरी तुम्हीच विचारा. बाया आमच्याजवळ सांगत नाहीत.

धाप लागत असेल, छाती धडधडत असेल किंवा दिवस गेले असतील, तर या सगळ्यासाठी न थांबता आजच दवाखान्यात न्या. तिथे रक्त चढवायचं ठरलं तर पिशवी लावण्याआधी सिकलसेलचं सॅम्पल काढून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की पुढचे तीन महिने त्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.