बेंचटॉप सीएनसी घ्यायची, पण कुठली?

प्रश्न: नमस्कार सर, भोसरीत माझा छोटा गाळा आहे, सिंगल फेज कनेक्शन. एसपीएम (एका ठरावीक कामासाठीची खास मशीन) बनवणाऱ्या दोन पार्ट्यांना मी अ‍ॅल्युमिनियमचे सेन्सर ब्रॅकेट देतो, ४० बाय ३० मिमीचे, महिन्याला साधारण २०० नग. मशीनिंग बाहेरून करून घेतो पण डिलिव्हरीची कायम बोंब. आता टेबलावरची सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारी) मिलिंग घ्यायचं डोक्यात आहे. एक जण म्हणतो साधी छोटी मिलिंग घे आणि सीएनसीचं किट (मोटरी आणि कंट्रोलर) बसव, दुसरा म्हणतो तयार इम्पोर्टेड घे, तिसरा म्हणतो जुनी व्हीएमसी (मोठं उभं मशीनिंग सेंटर) उचल. आणि आपोआप टूल बदलणारा ऑटो टूल चेंजर सुरुवातीलाच घ्यावा का?

उत्तर: स्पिंडलचे (टूल फिरवणाऱ्या दांड्याचे) एचपी, कंट्रोलरचा रंगीत स्क्रीन हे सगळं नंतर बघा, आधी मशीनचं वजन विचारा. सीग एक्स२ सारखी सगळ्यात छोटी मिलिंग पन्नास-साठ किलोची असते, कॉलम हाताने दाबला तरी डायलचा काटा हलतो, रोजच्या प्रॉडक्शनला ती घेऊ नका. त्याच्या वरचा बीएफ२० टाइपचा क्लास शंभर-एकशेदहा किलोचा, तिथून पुढे तुमच्या कामाचा विचार करता येतो. तयार मशीनमध्ये अमेरिकेच्या टॉरमाकची पीसीएनसी ४४० चांगली आहे, सरकायचं अंतर एक्स २५४ मिमी, वाय १५९, झेड २५४, स्पिंडल १०,००० आरपीएम, पण ती त्यांच्याकडच्या ११५ व्होल्टवर चालते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला, आणि उद्या एखादं कार्ड गेलं तर ते येईपर्यंत मशीन झाकून ठेवायची तयारी पाहिजे. जुनी व्हीएमसी दणकट असते यात वाद नाही, पण थ्री फेज, कॉम्प्रेसर, दोन-तीन टन वजन पेलणारी जमीन, आणि ती गाळ्याच्या शटरमधून आत जाणार का हे टेप लावून बघा, लोक हे टोकन दिल्यावर बघतात.

२०० नगांसाठी मी बीएफ२० क्लास घेऊन बॉलस्क्रू (आत गोळ्या फिरणारा, ढिलेपणा नसलेला स्क्रू) कन्व्हर्जन करीन. टेबल सरकवणाऱ्या मूळच्या लीडस्क्रूला पॉइंट एक ते पॉइंट तीन मिमी बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना रिकामा फिरणारा ढिलेपणा, असतो, त्यावर नुसत्या मोटरी लावून सीएनसी होत नाही, सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश भरून काढता येतो म्हणणाऱ्याने एकदा क्लाइंब कट (कटरचे दात ज्या दिशेला ओढतात त्याच दिशेला जॉब सरकवायचा) मारून दाखवावा, कटर जॉबच टेबलासकट ओढून घेतो. स्वस्तातले रोल केलेले बॉलस्क्रू सी७ ग्रेडचे येतात, म्हणजे ३०० मिमीला ०.०५ ची चूक धरा, ब्रॅकेटला ते चालतं.

टूल चेंजर मात्र आत्ता नको. तुमच्या जॉबला तीन टूल लागतील, ६ मिमीची एन्डमिल, M6 आट्यांसाठी ५ मिमीचं ड्रिल आणि एक चॅम्फर. एकेक नग वाइसमध्ये धरला तर २०० नगांना ६०० वेळा टूल बदलायचं, मिनिटभर धरलं तरी दहा तास गेले. तेच आठ नग मावतील असं फिक्स्चर (नग एकत्र धरणारी प्लेट) केलं, दोन रांगा चार-चारच्या, खाली डॉवेल आणि वरून क्लॅम्प, की २५ लोडिंग झाली आणि टूल बदल ७५. दहा तासांचे सव्वा तास! फिक्स्चरला लागते एक एचई ३० ची (एक मजबूत अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू) प्लेट आणि एक रविवार. दोन फिक्स्चर केलीत तर एक मशीनवर चालू असताना दुसरं बाहेर भरता येतं.

फिक्स्चरनंतरचा पैसा टूल होल्डरवर. आर८ (या मिलिंगांच्या स्पिंडलचा टेपर) च्या कॉलेटमध्ये थेट एन्डमिल धरली तर दर वेळी लांबी वेगळी येते आणि परत झेड झिरो (उंचीचा शून्य बिंदू) काढत बसावं लागतं. त्याऐवजी पाऊण इंच शँकचे होल्डर मिळतात, ज्यांचा खांदा स्पिंडलच्या तोंडाला टेकतो, त्यात टूलची लांबी एकदा मोजून ऑफसेट टेबलमध्ये टाकली की मग नुसतं काढायचं आणि घालायचं.

मग स्पिंडल. ६ ची कार्बाइड एन्डमिल अ‍ॅल्युमिनियममध्ये मिनिटाला २०० मीटर कटिंग स्पीडने चालवायची तर साडेदहा हजार आरपीएम लागतात, आणि या मिलिंगांना मिळतात अडीच हजाराच्या आसपास. दोन फ्लूट (दात), दाताला ०.०३ मिमी धरलं तर अडीच हजारला फीड मिनिटाला १५० मिमी निघतो आणि दहा हजारला ६००. म्हणून लोक राउटरचा २.२ किलोवॅटचा वॉटरकूल्ड स्पिंडल बसवतात, पण लक्षात घ्या तो २४,००० ला २.२ किलोवॅट आहे, टॉर्क एक न्यूटन मीटरसुद्धा नाही, फेसमिल लावलीत की जागेवर थांबेल. बेल्ट ड्राइव्ह करून आरपीएम पाच-सहा हजारपर्यंत न्या, बेअरिंग अँग्युलर काँटॅक्टची टाका, तुम्हाला तेवढं पुरे. आणि टॅपिंग मशीनवर करूच नका, स्पिंडलला एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) नसेल तर साध्या होल्डरमध्ये घट्ट धरलेला टॅप तुटणार म्हणजे तुटणारच, बाजूला टॅपिंग आर्म लावून हेल्परकडून करून घ्या.

एअर ब्लोचा पाइप मात्र पहिल्याच दिवशी लावा, अ‍ॅल्युमिनियमची बर (कापलेला कीस) खाचेत अडकली की एन्डमिल चिकटून मोडते.

प्रश्न: कोल्हापुरात आमची किट बसवलेली मिलिंग आहे, नेमा २३ साइजच्या स्टेपर मोटरी, मॅक थ्री सॉफ्टवेअर, जुना पॅरलल पोर्टवाला पीसी. चार-पाच जॉब झाले की एक्सचं माप सरकतं. सर्व्हो मोटरी टाकू का?

उत्तर: थांबा, आधी डायल लावा. हेडला मॅग्नेटिक बेस, काटा वाइसच्या जबड्यावर झिरो, आणि टेबल १०० मिमी रॅपिडने लांब नेऊन परत आणायचा वीस वेळांचा प्रोग्राम. काटा दर फेरीला थोडा थोडा सरकत गेला तर स्टेप सुटतायत, म्हणजे मोटर काही पावलं चुकवतेय. झिरोवर परत येत असेल तर मोटरी निर्दोष आहेत, मग टेबल हाताने एक्समध्ये ढकलून बघा, काटा हलला तर स्क्रूच्या फिक्स बाजूचा लॉकनट ढिला आहे, बहुतेक वेळा तोच असतो. तोही ठीक असेल तर जॉबच वाइसमध्ये सरकतोय.

स्टेप सुटत असतील तर अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करा आणि गिब (टेबलाच्या सरकपट्टीची फट भरणारी पट्टी) फार आवळलेली नाही ना बघा. स्टेपरचा टॉर्क स्पीड वाढला की पडतो, २४ व्होल्टचा सप्लाय असेल तर ३६ करा, ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला थेट ४८ देऊ नका, मोटरचा वेग कमी होताना व्होल्टेज उलटं चढतं आणि ड्रायव्हर जातो. त्या पीसीवर दुसरं काहीही चालवू नका, अँटीव्हायरस अपडेट झाला तरी पल्स अडखळतात. शक्यतो इथरनेटचं मोशन कार्ड घ्या किंवा लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअरवर जा. एवढं करूनही स्टेप सुटल्या तर क्लोज्ड लूप स्टेपर (आपली जागा स्वतः तपासणारी मोटर), सर्व्हो त्याच्यानंतर.

प्रश्न: ३०१८ या छोट्या सीएनसी राउटरवर माइल्ड स्टीलचे छोटे डाय निघतील का?

उत्तर: नाही. ३०० बाय १८० चं ते मशीन पीसीबी, अ‍ॅक्रिलिक, लाकूड आणि पितळेवर हलक्या एन्ग्रेव्हिंगसाठी ठीक आहे. स्टीलचे डाय एखाद्या व्हीएमसीवाल्याकडून करून घ्या.