अ‍ॅल्युमिनियम फोमवर रॉकवेलचा आकडा दर वेळी वेगळा का येतो?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टसाठी फोमच्या (म्हणजे आत पोकळ्याच पोकळ्या असलेल्या धातूच्या) एकाच ठोकळ्यावर पाच जागी रॉकवेल (ठसा उमटवून कठिणपणा मोजायची चाचणी) घेतलं, पाच वेगळे आकडे आले आणि आता मशीनवर संशय आहे. मशीन बिचारं ठीक असेल. रॉकवेलच्या बी स्केलला ठसा उमटवणारी गोळी १.५८८ मिमीची, आणि अल्पोरास या अ‍ॅल्युमिनियम फोमसारख्या बंद पोकळ्यांच्या फोममधली एकेक पोकळी ३-४ मिमीची. आंबोळीच्या जाळीत काडी खुपसून ती किती मऊ ते ठरवण्यासारखं झालं हे: एकदा काडी भोकात जाते, एकदा भिंतीवर टेकते. मीही पहिला आठवडा यातच घालवला होता.

त्यापेक्षा यूटीएमवर (ओढण्या-दाबण्याच्या चाचणीचं यंत्र) सपाट तोंडाचा गोल पंच लावा. व्यास पोकळीच्या निदान सहा-सात पट हवा आणि ठोकळ्याच्या कडेपासून पंचाच्या व्यासाइतकं तरी अंतर ठेवा.

आता खरी गंमत. भरीव धातूत कठिणपणा यील्ड स्ट्रेंग्थच्या (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्या) साधारण तिप्पट येतो, कारण ठशाखालचा माल बाजूला सरकू पाहतो आणि भोवतालचा धातू त्याला आवळून धरतो. फोम दबताना बाजूला जवळजवळ फुगतच नाही. पंचाखालच्या पोकळ्या जागच्या जागी चुरडतात. त्यामुळे ताकद काढायला कठिणपणाला तिनाने भागायची सवय इथे सोडा.

पण पंचाच्या काठाभोवती पोकळ्यांच्या भिंती फाटतात, त्याचं बळ वेगळं लागतं. चुरडण्याचं बळ क्षेत्रफळावर अवलंबून, फाटण्याचं परिघावर. म्हणून दाब = चुरडण्याची ताकद + ४ × फाटण्याची ऊर्जा ÷ व्यास. समजा, २० मिमीच्या पंचाला २.४ एमपीए (मेगापास्कल, म्हणजे चौरस मिमीला न्यूटन) आणि ४० मिमीच्या पंचाला २.० एमपीए आले, तर ताकद १.६ एमपीए आणि फाटण्याची ऊर्जा मिमीला ४ न्यूटन निघते. दोनच पंचांवर विसंबू नका. तीन-चार व्यास घेऊन दाब विरुद्ध १/व्यास असा आलेख काढा. एकाच पंचावरून ताकद सांगाल तर ती फुगलेलीच येणार.

पडताळ्यासाठी साधी दाबचाचणीही करा. आयएसओ १३३१४ या सच्छिद्र धातूंच्या दाबचाचणीच्या मानकात नमुन्याची बाजू सरासरी पोकळीच्या दहा पट तरी मागितली आहे. नमुने वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणारं यंत्र) कापून घ्या. हॅकसॉने कडेच्या भिंती आधीच वाकतात आणि आलेखाची सुरुवात पोचट येते. तसंही ताठरपणा लोडिंगच्या उतारावरून काढू नका, थोडं अनलोड करून त्या उतारावरून काढा.