प्रश्न तुमचे : तोडणीच्या तोंडावर अवकाळी

नाशिककडे वाइन द्राक्षांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तोडणी जानेवारी ते मार्च. नेमका तेव्हा पाऊस आला की बागेतली आणि टाकीतली दुखणी एकदमच सुरू होतात. घरच्या छोट्या वायनऱ्यांकडून आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइन द्राक्षाची तीन एकर बाग आहे. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २१ होता, दोन रात्री पाऊस झाला आणि १९ वर आला. काही घडांत कूजही दिसते. थांबावं की तोडावं? (दिंडोरी)

उत्तर : ब्रिक्स उतरला म्हणजे साखर गेली असं नाही. मण्यांनी पाणी ओढलं, रस पातळ झाला. आभाळ मोकळं होऊन कोरडा वारा सुटला तर तीन-चार दिवसांत आकडा बराचसा परत येतो. तेव्हा निर्णय ब्रिक्सवर नको, कुजीवर घ्या.

शेनिनचा घड गच्च असतो. मणी फुगले की एकमेकांना रेटतात, देठापाशी तडकतात आणि कूज आतून धरते. बाहेरून घड चांगला दिसतो. म्हणून ओळींमधून नागमोडी फिरत वीसेक घड घ्या, मधोमध मोडा आणि नाकाशी धरा. करडी बुरशी तुरळक असेल आणि वास स्वच्छ असेल, तर घडांभोवतीची उगवतीकडची पानं काढून हवा खेळती करा आणि दोन-तीन दिवस थांबा. व्हिनेगरचा वास आला, चिलटं उठली, मण्यांतून रस गळत असला, तर उद्या पहाटेच तोडणी लावा. १९ ब्रिक्सवर साधारण साडेदहा-अकरा टक्के अल्कोहोल मिळतं, आम्लही टिकलेलं असतं. हलकी व्हाइट वाइन उत्तम होते. कुजक्या २२ पेक्षा निरोगी १९ केव्हाही बरा.

तोडणी दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त खराब घड बादलीत, दुसऱ्या फेरीत चांगले क्रेटमध्ये. दोन्ही कामं एकाच फेरीत सांगितली की घड उलटून पाहायला कुणाला वेळ नसतो, त्यातून मजुरी क्रेटमागे ठरलेली असेल तर विचारायलाच नको. असे दिवस रोजावर करावेत. २० किलोच्या क्रेटमध्ये १५ किलोच भरा. जास्त भरलं तर तळचे मणी फुटतात आणि रस वाटेतच आंबायला लागतो. ऊन तापायच्या आत, साडेनऊ-दहाला काम थांबवा. बादल्यांतला माल वेलीखाली ओतू नका. बांधाबाहेर खड्ड्यात पुरा, नाहीतर चिलटं राहिलेल्या घडांवर येतात.

प्रश्न : प्रेसमधून निघतानाच रस तपकिरी पडतोय. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फर डायऑक्साइड देणारी पावडर) वाढवला तर भागेल का? (निफाड)

उत्तर : थोडंफार भागेल. करडी बुरशी रस तपकिरी करणारं लॅकेज नावाचं एन्झाइम सोडते आणि ते नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. खात्री करायची तर ग्लासभर रसाला लिटरमागे ३० मिलिग्रॅम या हिशेबाने सल्फर डायऑक्साइड द्या आणि ग्लास रात्रभर उघडा ठेवा. सकाळी तरीही काळवंडला असेल तर लॅकेज आहे असं धरा.

निरोगी फळाला लिटरमागे ३० ते ४० मिलिग्रॅम पुरतो, अशा लॉटला ६० ते ८० लागतो. केएमएसच्या वजनात सल्फर डायऑक्साइड ५७ टक्केच असतो, म्हणून १,००० लिटरला ६० च्या मात्रेसाठी सुमारे १०५ ग्रॅम पावडर घ्यावी लागते. गेल्या हंगामातलं उघडं राहिलेलं पाकीट वापरू नका, त्याचा जोर गेलेला असतो. पावडर थोड्या पाण्यात विरघळवून प्रेसखालच्या ट्रेमध्येच द्या.

खरी काळजी दाबण्यात आहे. क्रशर टाळा, अख्खे घड हलक्या दाबाने दाबा आणि टनामागे ५५०-६०० लिटरवर थांबा. त्यापुढचा रस वेगळ्या टाकीत. रस १०-१२ अंशांवर २४ तास निवळू द्या, गाळ मागे ठेवा आणि लगेच यीस्ट घाला. फर्मेंटेशन जोरात चालू असताना ऑक्सिजन उरत नाही, त्यामुळे लॅकेजलाही वाव राहत नाही.

प्रश्न : शिराझ (काळं वाइन द्राक्ष) २४ ब्रिक्सला तोडली. टाकी रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून ब्रिक्स दाखवणारं यंत्र) ८ ला अडली आहे. पुन्हा यीस्ट घालू का? (विंचूर)

उत्तर : आधी रिफ्रॅक्टोमीटर बाजूला ठेवा. फर्मेंटेशन सुरू झालं की अल्कोहोलमुळे तो आकडा फुगवून दाखवतो. २४ वरून निघालेली वाइन पूर्ण कोरडी झाली तरी त्यावर ८ च्या आसपासच दिसते! हायड्रोमीटर (रसात तरंगून घनता दाखवणारी नळी) लावा. उणे १ ते उणे २ आला तर काम झालंय, साली दाबून घ्या.

४-५ आला तर मात्र टाकी खरोखर अडली आहे. बहुतेक वेळा कारण उष्णता असतं. तरंगणाऱ्या सालींच्या थरात थर्मामीटर खुपसून पाहा. थर खालच्या रसापेक्षा कितीतरी अधिक तापतो, आणि ३५ अंशांपुढे यीस्ट मरायला लागतं. साली काढून वाइन २०-२५ अंशांवर आणा. ईसी-१११८ सारखं दणकट यीस्ट १०० लिटरला ३० ग्रॅम घ्या, दहापट कोमट पाण्यात (३७ अंशांच्या आसपास) २० मिनिटं भिजवा. ते थेट टाकीत ओतलं तर अल्कोहोलच्या धक्क्याने बसतं. आधी ताज्या रसात वाढवा, जोरात फेस आला की अडलेली वाइन तेवढीच मिसळा, साखर निम्मी उतरली की पुन्हा दुप्पट करा, असं करत टाकीपर्यंत पोचा. या टप्प्यावर डीएपी (यीस्टचं नत्रखाद्य) घालू नका. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट ते घेत नाही, उरलेलं नको त्या जिवाणूंना मिळतं.

प्रश्न : पावसात तडकलेली थॉमसन (खायची द्राक्षं) शेजारी मातीमोल भावाने देताहेत. वाइनला घ्यावी का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : नको. थॉमसनला वाइनपुरतं आम्ल नसतं, वासही मोघम, आणि तडकलेला मणी बागेतच आंबायला लागलेला असतो. शिवाय भुरी या बुरशीरोगासाठी गंधक शेवटचं कधी मारलं हे विचारून खरं कळेलच असं नाही. तोडणीआधीच्या महिनाभरात फवारलेलं गंधक मण्यांवर राहिलं तर टाकीत सडक्या अंड्यांचा वास हमखास येतो. स्वतःच्या बागेची तारीख ठरवतानाही फवारणीची वही एकदा उघडून बघावी.